बहाई पंचांग

बहाई धर्मीयांची सौर कालगणना. धर्माचे अग्रदूत बाब (१८१९–५०) यांनी ती आखली व संस्थापक बहाउल्ला (१८१७–९२) यांनी कायम केली. शकारंभ १८४४. तिचे नियम देणारा ‘किताब-ए-अकदस’ हा अरबी ग्रंथ प्रथम १८९०–९१ मध्ये मुंबईत छापला गेला, हा या शहराचा मोठा मान होय.

रचना : वर्षाचे १९ महिने, प्रत्येकी १९ दिवस; एकूण ३६१. उरलेले ४ किंवा ५ दिवस (अय्याम-ए-हा) अखेरच्या ‘अला’ महिन्याआधी येतात. ते आतिथ्य व दानधर्माचे. अधिक मासाची गरज त्यामुळे पडत नाही. ‘अला’मध्ये सूर्योदय ते सूर्यास्त उपवास असतो. दर महिन्याच्या आरंभी एकोणीस-दिवसीय मेळाव्यात प्रार्थना, विचारविनिमय व स्नेहभोजन होते.

नवरूज : हा वर्षारंभ तेहरानमधील वसंतसंपातावरून ठरतो, २०१५ पासून सर्व देशांत हीच पद्धत आहे. दिवस मात्र स्थानिक सूर्यास्ताला सुरू होतो. म्हणून २०२५ चा नवरूज अंधेरी, बोरिवली, मुलुंड वा घाटकोपरमध्ये १९ मार्चच्या सूर्यास्ताला लागून २० मार्चच्या सूर्यास्ताला संपला.

पवित्र दिवस : एकूण ११, त्यांपैकी ९ दिवस कामकाज बंद ठेवतात. नवरूज, रिझवान या बारा दिवसांच्या उत्सवातील पहिला, नववा व बारावा दिवस, बाबांची घोषणा व हौतात्म्य, बहाउल्लांचे स्वर्गारोहण आणि दोघांचे जन्मदिवस हे ते होत. जन्मदिवस नवरूजनंतरच्या आठव्या अमावास्येवरून ठरतात व लागोपाठ येतात. सौर वर्षात चंद्राला दिलेले हे स्थान या पंचांगाचे सुंदर वैशिष्ट्य आहे.