'कुठं जायचं?' ते 'तुम्ही कोण?' : एसटीच्या तिकिटाचा इतिहास

आजचा विषय एसटीचं तिकीट. काहींना वाटेल, तत्त्वज्ञान शिकवलेल्या माणसानं तिकिटावर काय बोलायचं? पण राज्यसंस्था आणि सामान्य माणूस यांची गाठ कोर्टात किंवा विधानसभेत क्वचितच पडते. एसटीत ती रोज पडते आणि त्या गाठीचा पुरावा म्हणजे ते दोन बोटं रुंदीचं कागदाचं चिटोरं. या कागदानं प्रवाशाला वेगवेगळ्या काळी काय विचारलं, एवढंच आज पाहायचं आहे.

सुरुवात एसटीच्या आधीपासून करू. डॉ. आंबेडकरांनी आपल्या आठवणींत 1901 च्या सुमाराचा एक प्रवास सांगितला आहे. वडिलांना भेटायला निघालेली ही लहान मुलं सातारा जिल्ह्यातल्या मसूर स्टेशनावर उतरली. मुलं कोण आहेत हे कळल्यावर बैलगाडीवाले त्यांना न्यायला तयार होईनात. अखेर एक जण तयार झाला, पण दुप्पट भाड्यावर. शिवाय गाडी मुलांनी हाकायची, तो बाजूनं चालणार! म्हणजे अंतर तेच, रस्ता तोच. भाडं ठरलं 'तुम्ही कोण' यावर.

पुढे मोटारी आल्या. खाजगी 'सर्व्हिस मोटार' भरली की सुटायची, नाही भरली तर थांबायची. ज्या रस्त्यावर कमाई, तिथंच गाडी. या पार्श्वभूमीवर 1 जून 1948 रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर सरकारी एसटी धावली. 1950 मध्ये मार्ग परिवहन महामंडळांचा केंद्रीय कायदा झाला. पुढे महाराष्ट्र राज्य झाल्यावर विदर्भ आणि मराठवाड्यातल्या सरकारी बससेवाही यात मिसळल्या. 'गाव तिथे रस्ता, रस्ता तिथे एसटी' हे ब्रीद त्यातून आलं.

आता त्या काळचं तिकीट बघा. कंडक्टरच्या हातात पत्र्याची पेटी, तिच्यात किमतीप्रमाणे लावलेले रंगीत तिकिटांचे गठ्ठे, खांद्याला चामडी पिशवी, आणि टिकटिक वाजणारा तो पंच. नेमक्या किमतीचं तिकीट नसेल तर दोन-तीन तिकिटं जोडून रक्कम पुरी करायची. सुटे नसतील तर उरलेले पैसे तिकिटाच्या पाठीवर लिहून द्यायचे आणि उतरताना आठवणीनं मागून घ्यायचे. कुठून कुठपर्यंत किती तिकिटं गेली याचा हिशेब वे-बिलावर. आणि भाडं कशावर? टप्प्यावर. सहा किलोमीटरचा एक टप्पा. जितके टप्पे तितके पैसे.

यातली मोठी गोष्ट आपल्या लक्षातच येत नाही. कंडक्टर एकच प्रश्न विचारायचा : कुठं जायचं? नाव नाही, गाव नाही, जात तर नाहीच. पाटील असो की त्यांच्या शेतावरचा गडी, टप्पे तेच आणि पैसेही तेच. जागा मिळेल तिथं शेजारी बसायचं. याचा अर्थ एसटीनं जात मोडली असा मी म्हणणार नाही. गावात उतरलं की वाटा पुन्हा वेगळ्या होत होत्या. पण मसूरच्या त्या गाडीवानाचा प्रश्न तिकिटानं तेवढ्यापुरता तरी पुसून टाकला. त्या कागदाचं निनावी असणं हीच त्याची प्रतिष्ठा होती.

मग काळ बदलला. 1982 च्या दिल्लीतल्या एशियाडवरून नाव पडलेल्या निमआराम गाड्या आल्या, नंतर वातानुकूलित शिवनेरी आली. इथं तिकीट दुसराच प्रश्न विचारू लागलं : कसं जायचं? पैसे असणारा वेगळ्या गाडीत बसू लागला. तोवर खेड्यात वडाप आणि काळी-पिवळी जीप आली होती, तिथं तर तिकीटच नाही. पुढे पेटी जाऊन मशीन आलं, मग घरबसल्या आरक्षण आलं, आता मोबाइलवरून पैसे देता येतात. हिशेब चोख झाला, सुट्यांची कटकट बरीच कमी झाली. जुनं तिकीट पुस्तकात खूण म्हणून ठेवलं तर चाळीस वर्षांनीही वाचता येतं. मशीनच्या कागदावरची अक्षरं मात्र काही महिन्यांत उडून जातात. इतिहासाच्या विद्यार्थ्यानं हे ध्यानात घ्यावं.

खरा बदल याच्या पुढचा. ऑगस्ट 2022 पासून पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना प्रवास मोफत झाला. 17 मार्च 2023 पासून सगळ्या महिलांना अर्धं तिकीट. सवलती आधीही होत्या : विद्यार्थ्यांचे पास, स्वातंत्र्यसैनिक, अपंग. पण तो अपवाद होता. आज मोजून बघा : पासष्टीच्या पुढं अर्धं, महिलांना अर्धं, लहान मुलांना अर्धं. पूर्ण तिकीट काढणारा उरला तो मुख्यतः पासष्टीच्या आतला पुरुष! अपवाद हाच नियम झाला. आणि तिकीट पुन्हा विचारू लागलं : तुम्ही कोण? आधार कार्ड दाखवा.

म्हणजे आपण मसूरला परत गेलो का? मुळीच नाही. न्यायाचे दोन प्रकार मानता येतात. एक, सगळ्यांना सारखं. दुसरा, ज्याच्या त्याच्या स्थितीच्या प्रमाणात. 1948 चं तिकीट पहिल्या न्यायाचं, 2023 चं दुसऱ्या. टप्पे सारखे असले तरी मोलमजुरी करणाऱ्या बाईच्या पदरात पैसे सारखे नव्हते. अर्ध्या तिकिटावर ती बाजाराला, दवाखान्याला, माहेराला कुणापुढं हात न पसरता जाते. ही लहान गोष्ट नाही.

पण एक पेच आहे. पंचाहत्तरीच्या आजोबांनाही शून्य रुपयांचं तिकीट दिलं जातं. पैसेच घ्यायचे नाहीत तर तिकीट कशाला? कारण त्या नोंदीवरच महामंडळ शासनाकडे प्रतिपूर्ती मागतं. तिकिटाच्या पैशातून प्रवासी कर शासनाकडे जात आला आहे. आता त्याच तिकिटावर शासनानं पैसे द्यायचे आहेत. तिकीट ही प्रवाशाची पावती होती, ती आता महामंडळाची शासनाकडची मागणीचिठ्ठीही झाली आहे. आणि मागणीचे पैसे उशिरा आले की झळ कुणाला? कर्मचाऱ्याच्या पगाराला, गाडीच्या टायरला. शासनात विलीनीकरण करा म्हणून 2021-22 मध्ये कर्मचाऱ्यांनी महिनोन्‌महिने संप केला, त्यामागं पगाराची हीच अनिश्चिती होती.

म्हणून माझं म्हणणं एवढंच. 'कुठं जायचं?' आणि 'तुम्ही कोण?' हे दोन्ही प्रश्न न्याय्य असू शकतात. पण दोन्हींच्या आधी प्रवाशाचा एक प्रश्न असतो : गाडी येणार का? मुक्कामाची गाडी बंद झालेल्या गावात अर्धं तिकीट म्हणजे अर्धं काहीच नाही. सवलत जाहीर करणं सोपं, कारण ती जाहिरातीत दिसते. फेरी चालू ठेवणं कठीण, कारण ती फक्त फाट्यावर उभ्या असलेल्या माणसाला दिसते. कुठल्याही सरकारला जोखायचं तर तिकिटाच्या किमतीबरोबर फेऱ्यांचं वेळापत्रकही हातात घ्या. तुमच्या गावच्या किती फेऱ्या उरल्या, तिथून प्रश्नोत्तरांना सुरुवात करू.