कॅसेट ३, बाजू ब

दिवाळीत घरी मिरजेला गेलो होतो. बाबांच्या फोनवर मी नवं गाण्यांचं अ‍ॅप बसवून दिलं होतं. त्यावर गीतरामायण लागलं होतं आणि बाबा स्वयंपाकघराच्या दारात उभे राहून ऐकत होते. गाणं संपलं तसं म्हणाले, "अरे, यात आई कुठंय?"

मला आधी कळेचना. मग पोटात गोळा आला.

गोष्ट अशी आहे. १९८४ साली आमच्या घरात एक मोठा रेडिओ होता आणि आखातातून आलेल्या कुणा नातेवाइकाने दिलेला एक टेपरेकॉर्डर. दोघांना जोडणारी वायर नव्हती. म्हणून आजोबा रेडिओसमोर टेपरेकॉर्डर ठेवायचे, सगळ्यांना गप्प राहायला सांगायचे आणि लाल बटण दाबायचे. अर्थातच कुणी गप्प राहत नसे. फडक्यांचा आवाज चालू असताना मागून कुकरची शिट्टी, सायकलची घंटी आणि एका ठिकाणी आजी: "दूध बघ रे, उतू जाईल." त्यावर चौदा वर्षांच्या बाबांचं वैतागलेलं "बघतो गं!" आजी १९९१ला गेली, माझा जन्म त्यानंतरचा. तिचा आवाज मी फक्त या कॅसेटवर ऐकला होता.

२००६च्या सुमारास आत्याच्या मिस्टरांनी या कॅसेटी कॉम्प्युटरवर उतरवल्या. फाइलींची नावं त्यांनी ठेवली होती ती अशी: "आई रेडिओ कॅसेट ३ बाजू ब". मी इंजिनिअर झालो, मला असली नावं बघवत नाहीत. दोन वर्षांपूर्वी एका रविवारी बसून मी त्या लांबलचक फाइली गाण्यागाण्याने कापल्या आणि प्रत्येकीला शिस्तीत टॅग लावले. गायक: सुधीर फडके. अल्बम: गीतरामायण. गाण्याचं नाव, क्रमांक, सगळं नीट. स्वतःवर खूश झालो.

नव्या अ‍ॅपने ते टॅग वाचले, "ही गाणी आमच्याकडे आहेतच" असं ठरवलं आणि बाबांच्या यादीत स्वतःच्या स्वच्छ प्रती जोडून दिल्या. जागा वाचावी म्हणून फोनवरच्या मूळ फाइली मीच उडवल्या. ज्या लॅपटॉपवर काम केलं होतं तो ऑफिसचा होता, नोकरी बदलताना परत गेला. त्यानंतरचे कित्येक दिवस मी एकच गोष्ट वाचत बसलो: दोन गाणी "एकच" आहेत हे यंत्र ठरवतं कसं आणि त्याला ते कुणी शिकवलं.

सुरुवात वाटते त्यापेक्षा जुनी निघाली. नोव्हेंबर १९०२मध्ये ग्रामोफोन कंपनीचा फ्रेड गैसबर्ग कलकत्त्यात ध्वनिमुद्रणाला आला आणि त्याने गौहरजानचं गाणं मेणावर घेतलं. त्या जुन्या तबकड्यांच्या शेवटी गौहरजान स्वतःचं नाव इंग्रजीत सांगते. तबकड्या छापल्या जायच्या जर्मनीत, हॅनोव्हरला. तिथल्या कामगारांना कोण गातंय हे कळावं म्हणून ही सोय होती, असं सांगतात. शिवाय प्रत्येक तबकडीवर कोरलेला एक क्रमांक असे. तेव्हा नाव आवाजातच होतं, ते गाण्यापासून सुटं करता येत नव्हतं. मला हे फार आवडतं.

मग १९८२ला सीडी बाजारात आली आणि नाव गायबच झालं. सीडी बनवणाऱ्यांनी आवाजाचा विचार इतका बारकाईने केला की एका सेकंदाचे ७५ तुकडे पाडले, पण गाण्याचं नाव लिहायला जागा ठेवायचं राहून गेलं. कॉम्प्युटरमध्ये सीडी घातली की दिसायचं: ट्रॅक १, ट्रॅक २, ट्रॅक ३. यावर तोडगा काढला ती मोठी कंपनी नव्हती. टी कान नावाच्या प्रोग्रामरने युनिक्सवर सीडी वाजवणारा एक प्रोग्राम लिहिला होता. त्यात वापरणारा स्वतः नावं टाइप करू शकत होता. लोक आपापल्या याद्या त्याला ईमेलने पाठवू लागले. मग स्टीव्ह शर्फच्या मदतीने त्या याद्या इंटरनेटवरच्या एका सर्व्हरवर गेल्या. तोच सीडीडीबी.

सीडीवर नावच नाही, तर सीडी ओळखायची कशी? त्यांची युक्ती बघा. प्रत्येक गाणं कितव्या सेकंदाला सुरू होतं ते आकडे घ्या, त्यांच्या अंकांची बेरीज करा, त्यात डिस्कची एकूण लांबी आणि गाण्यांची संख्या मिसळा. तयार होतो आठ चिन्हांचा एक क्रमांक. म्हणजे यंत्र गाणं ऐकतच नव्हतं, नुसती लांबी मोजत होतं. कापड न बघता मीटर मोजून साडी ओळखण्यासारखं. योगायोगाने लांब्या जुळल्या की दोन वेगळ्या सीडींचा क्रमांक एकच यायचा आणि भलत्याच सीडीवर भलतीच नावं चिकटायची. तरी बहुतेक वेळा चालायचं.

हजारो लोकांनी फुकट टाइप केलेल्या या याद्या १९९८ला एस्सिएंट नावाच्या कंपनीने विकत घेतल्या. २०००ला तिचं नाव ग्रेसनोट झालं आणि २००१ला परवाना न घेतलेल्या प्रोग्रामांना दार बंद झालं. ज्यांनी नावं टाइप केली होती ते साहजिकच चिडले. त्या रागातून फ्रीडीबी उभा राहिला. रॉबर्ट के याने म्युझिकब्रेन्झ सुरू केलं, ते आजही चालू आहे. फ्रीडीबी २०२०मध्ये बंद झाला. ग्रेसनोट मात्र २००८ला सोनीने २६ कोटी डॉलरना घेतली. नावांची किंमत!

दरम्यान एमपी३ आलं. त्यातही नाव ठेवायला जागा नव्हती. १९९६ला एरिक केम्पने फाइलीच्या शेवटी १२८ बाइटचं एक शेपूट जोडलं. तेच आयडी३. ३ बाइट ओळखीसाठी, मग गाण्याला ३०, गायकाला ३०, अल्बमला ३०, सालाला ४, शेऱ्याला ३० आणि प्रकाराला १. संपलं. गीतकाराला जागा नाही. संगीतकाराला नाही. नाटकातलं पद असेल तर नाटकाला नाही, राग तर सोडाच. मराठी माणूस गाण्याची ओळख "गीत अमुक, संगीत तमुक, स्वर यांचा" अशी करून देतो. रेडिओवरच्या निवेदकांनी आपल्याला तीच सवय लावली. त्या तीनपैकी फक्त शेवटच्याला घर मिळालं.

आणि ३० बाइट म्हणजे किती? आज सगळीकडे वापरतात त्या यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीचं एकेक चिन्ह, काना-मात्रासुद्धा, ३ बाइट खातं. "गीतरामायण" २७ बाइटांत बसतं. "सुधीर फडके" २८. "ग. दि. माडगूळकर" ३७, बाहेर. सगळ्यात गंमत "भीमसेन जोशी"ची. १० चिन्हं आणि एक मोकळी जागा, ३१ बाइट. एका बाइटने हुकतं, शेवटची वेलांटी तुटते आणि जोशींचा "जोश" होऊन पुढे एक प्रश्नचिन्ह उरतं. तसं १९९६ला देवनागरी हा कुणाच्या डोक्यातला विषयच नव्हता. आयडी३ची दुसरी पिढी १९९८ला आली आणि लांबीचा प्रश्न मिटला, पण तोवर आपल्या बोटांना रोमनची सवय लागली होती. रोमनमध्ये गीत आणि रामायण जोडून लिहायचं की तोडून, शेवटी एक "ए" लावायचा की नाही, एवढ्यावरून एका संचाचे चार संच होतात.

तुमच्याकडे असलेलं गाणं ओळखून आमच्याकडची प्रत ऐकवतो, ही कल्पना पहिल्यांदा गाजली जानेवारी २०००मध्ये. एमपी३.कॉम या अमेरिकन कंपनीने हजारो सीडी विकत घेऊन आपल्या सर्व्हरवर उतरवून ठेवल्या. तुम्ही तुमची सीडी कॉम्प्युटरमध्ये एकदा घालून दाखवायची, की ती तुमच्याकडे आहे हे पटायचं आणि मग कुठूनही त्यांची प्रत ऐकायची. रेकॉर्ड कंपन्या कोर्टात गेल्या. न्यूयॉर्कचे न्यायाधीश जेड रॅकॉफ यांनी त्याच वर्षी निकाल एमपी३.कॉमच्या विरोधात दिला. एकट्या युनिव्हर्सलला ५ कोटी ३४ लाख डॉलर द्यावे लागले. कोर्टात प्रश्न होता प्रत काढायचा हक्क कुणाचा, हा. तुमची सीडी आणि त्यांची प्रत एकच आहेत, हे दोन्ही पक्षांनी धरूनच चाललं होतं. सीडीच्या बाबतीत ते खरंही होतं.

नोव्हेंबर २०११ला अ‍ॅपलने आयट्यून्स मॅच आणलं, या वेळी रीतसर परवाने घेऊन. वर्षाला २४.९९ डॉलर, २५ हजार गाण्यांची मर्यादा. जुळलं तर त्यांची प्रत, नाही जुळलं तर तुमची फाइल वर चढवायची. हे जुळवणं आवाजाच्या ठशावरून व्हायचं. पण २०१५ला अ‍ॅपल म्युझिक आलं तेव्हा त्याचे ग्राहक टॅगवरून जुळवले जाऊ लागले. परिणाम व्हायचा तोच झाला. एखाद्या मैफलीतल्या गाण्याच्या जागी स्टुडिओतलं गाणं. जुलै २०१६मध्ये त्यांनी तिथेही ठशांची पद्धत आणली.

गीतरामायण हे या घोटाळ्याचं अगदी आदर्श उदाहरण आहे. १ एप्रिल १९५५ला, रामनवमीला, पुणे आकाशवाणीवरून पहिलं गीत प्रसारित झालं. आठवड्याला एक, अशी वर्षभर ५६ गीतं. रेडिओवर ती वेगवेगळ्या आवाजांत होती: माणिक वर्मा, राम फाटक, वसंतराव देशपांडे, स्वतः फडके. पुढे रेकॉर्ड निघाल्या त्या एकट्या फडक्यांच्या आवाजात. गीत तेच, चाल तीच, नाव तेच. टॅगवाल्या यंत्राला यात फरक दिसण्याचं काही कारणच नाही. म्युझिकब्रेन्झने २०११ला आपली रचना बदलून कृती वेगळी, तिचं ध्वनिमुद्रण वेगळं आणि ते बाजारात आलं तो संच वेगळा, अशी खाती पाडली. हे वाचताना मला बरं वाटलं. कुणीतरी हा प्रश्न गंभीरपणे घेतला होता.

मग मी मनात म्हटलं, बाबांच्या अ‍ॅपने टॅगऐवजी ठसा घेतला असता तर आजी वाचली असती. आणि ठसा कसा घेतात ते वाचायला घेतलं.

ब्रिटनमध्ये २००२ला शझॅम सुरू झालं तेव्हा फोनवरून २५८० हा नंबर फिरवून फोन स्पीकरसमोर धरायचा असे. मागचं गणित एव्हरी वँग यांचं. त्यांचा २००३चा निबंध छोटा आणि सुरेख आहे. आवाजाचा आलेख काढायचा, त्यातली फक्त सर्वांत उंच शिखरं ठेवायची, बाकी सगळं फेकायचं. शिखरांच्या जोड्या आणि त्यांच्यातलं अंतर हाच ठसा. गजबजलेल्या हॉटेलात, लोक बोलत असताना, फोनच्या फाटक्या आवाजातही गाणं ओळखता आलं पाहिजे, ही त्यांची अटच होती. पद्धत इतकी चांगली आहे की माणसांचं बोलणं तिच्या आड येत नाही.

म्हणजे आमच्या कॅसेटवर रेडिओने फडक्यांची रेकॉर्ड लावली होती आणि वर आजी बोलत होती, हे त्या पद्धतीने अचूक ओळखलं असतं. मूळ गाणं सापडलं असतं आणि आजी गोंगाट म्हणून बाजूला पडली असती. टॅगने निदान मी दिलेल्या नावामुळे चूक केली. ठशाने काहीही चूक न करता तेच केलं असतं. ही दोन वाक्यं मी माझ्या टीममधल्या एकाला ऐकवली, तर तो म्हणाला, "मग सिस्टम बरोबरच आहे की." बरोबरच आहे.

आता जाणवतं की त्या संग्रहातला एकमेव अचूक मेटाडेटा आत्याच्या मिस्टरांनी लिहिला होता. आई, रेडिओ, कॅसेट ३, बाजू ब. ते नाव जगातल्या कुठल्याही कॅटलॉगशी जुळलं नसतं. म्हणून ती फाइल जशीच्या तशी राहिली असती.

बाबांना मी सगळं खरं सांगितलं. ते रागावले नाहीत, म्हणाले, "तुझ्या आत्याकडे विचार." आत्याने माळ्यावरून बुटांचा खोका काढला. चार कॅसेटी, नव्वद मिनिटांच्या, वर आजोबांच्या अक्षरात बॉलपेनने तारखा. पहिल्या दोन ठीक वाजतात. तिसरीची फीत मध्येच चिकटते. मी तिला पेन्सिलीने पुढेमागे फिरवून मोकळी करतो आहे, जबरदस्ती न करता, रोज थोडी. आतापर्यंत बाजू बची पहिली अकरा मिनिटं उतरली आहेत. कुकरची शिट्टी आली आहे. दूध अजून पुढे आहे.