अक्षरांची पुडकी

विंचूरला मी कॉम्प्युटर क्लास चालवायचो, तेव्हा लिनक्स यायचं ते मासिकाबरोबरच्या सीडीवर. पहिलं टाकलं स्लॅकवेअर. पॅट्रिक व्होल्करडिंगने ते १९९३ मध्ये काढलं, फ्लॉपीच्या काळात. म्हणून पॅकेजची पुडकी अक्षरांची: ‘ए’ मूळ सिस्टिम, ‘डी’ कंपायलर, ‘एन’ नेटवर्क, ‘वाय’ चक्क खेळ! नको ते पुडकं सोडलं की तेवढ्या फ्लॉप्या वाचत. कांद्यातून गोल्टी काढावी तसा मी ‘ई’तला ईमॅक्स एडिटर आणि ‘टी’तला मजकूर जुळवणारा टेक बाजूला काढायचो, डिस्कच केवढीशी. पण कुठल्या पॅकेजला दुसरं कुठलं लागतं, हे स्लॅकवेअर सांगत नसे. एखादी लायब्ररी राहिली की प्रोग्राम ढिम्म.

डेबियन या दुसऱ्या लिनक्समधलं पॅकेज निवडायचं डीसिलेक्ट ते सांगायचं, जरा जास्तच. अधिकचं चिन्ह दाबून एक निवडावं, तर लागणाऱ्या पॅकेजांची अख्खी यादी पुढ्यात. लोकांनी त्याला भरपूर नावं ठेवली. मला ते आवडायचं. काय कशासाठी येतंय ते कळायचं. १९९९ च्या डेबियन २.१ मध्ये ॲप्ट आलं. एका आज्ञेत सगळं गोळा करून आणणारं, पण इंटरनेट धड असेल तर. आमच्याकडे डायल-अप, वर भारनियमन. मी आपला सीडीच घालत राहिलो.