नत्रचक्रातील उलटा बाण

नत्रचक्राची आकृती आपण दरवर्षी फळ्यावर काढतो. मातीकडून हवेकडे जाणाऱ्या बाणावर ‘विनायट्रीकरण’ असे लिहितो, खाली कंसात ‘जिवाणू’ असे लिहून पुढच्या बाणाकडे वळतो. पण हे जिवाणू कोणते, ते मातीतून वेगळे कसे काढले आणि ‘हाच तो’ हे कशावरून ठरवले? ही हकिगत बरीच लांबलेली आहे.

सुरुवात फ्रान्समधील बोर्दो येथे झाली. पाश्चरचे शिष्य गेयाँ आणि त्यांचे सहकारी द्युपती यांनी १८८२ साली दाखवले, की सांडपाण्यात घातलेले नायट्रेट हळूहळू नाहीसे होते. पण पाणी तापवले किंवा त्यात क्लोरोफॉर्म घातले, तर ते तसेच राहते. अर्थात हे काम सजीवांचे होते. १८८६ साली त्यांनी असे दोन जिवाणू शुद्ध स्वरूपात मिळवले. हवेतला ऑक्सिजन मिळेनासा झाला की हे जिवाणू नायट्रेटमधील ऑक्सिजनवर श्वसन भागवतात. नायट्रेटचे नायट्राइट, मग नायट्रिक ऑक्साइड, नायट्रस ऑक्साइड आणि शेवटी नायट्रोजन वायू अशी ही उतरंड आहे.

हा विषय प्रयोगशाळेतून शेतात आला तो भांडण घेऊनच. १८९५ साली जर्मनीतील वॅग्नर यांनी कुंड्यांमधील प्रयोगांवरून सांगितले, की नायट्रेटच्या खताबरोबर ताजी लीद घातली तर पीक वाढण्याऐवजी घटते. शतकानुशतके जमिनीला घातले जाणारे खतच संशयित ठरले! इंग्लंडमधील रसायनज्ञ वॉरिंग्टन यांनी १८९७ साली यावर आक्षेप घेतला. कुंड्यांत घातलेली लीद ही कोणताही शेतकरी शेतात घालतो त्याच्या कितीतरी पट होती, हे त्यांनी लक्षात आणून दिले.

पण लिदीत नेमका गुन्हेगार कोण, हा प्रश्न उरलाच. १८९५ सालीच बुरी आणि स्टुट्झर यांनी तो हाती घेतला, आणि त्यांना जे आढळले ते मला या सगळ्या इतिहासातले सर्वांत बोधप्रद वाटते. लिदीपासून वाढवलेल्या मिश्र संवर्धात नायट्रेटपासून वायू सुटत होता. त्यातले जिवाणू एकेकटे वेगळे केले, तर एकही वायू सोडीना! दोघांना पुन्हा एकत्र आणले आणि वायू सुटू लागला. त्यांपैकी एक होता आतड्यात राहणारा कोलाय. तो नायट्रेटचे नायट्राइट करून थांबतो; दुसऱ्याला नायट्रेट हाताळता येत नाही, पण नायट्राइटपासून पुढचे काम तो करतो. म्हणजे शुद्ध संवर्धाचा आग्रह धरणाऱ्या पद्धतीने गुन्हेगारालाच निर्दोष सोडले असते. त्यांना एकट्याने सगळे काम करणारा जिवाणूही मिळाला. पुढे त्याला स्टुट्झर यांच्या नावावरून ‘स्टुट्झेरी’ म्हणू लागले.

हॉलंडमधील डेल्फ्टच्या बायेरिंक यांनी वेगळी वाट धरली. शोधत बसण्याऐवजी हव्या त्या जिवाणूलाच सोयीची परिस्थिती द्यायची. नायट्रेट घातलेल्या पोषक द्रवाने बाटली काठोकाठ भरायची, चिमूटभर बागेतली माती टाकायची आणि बूच घट्ट बसवायचे. आत हवा नाही. तेव्हा नायट्रेटवर श्वसन करणारेच फोफावतात. त्यातला थेंब नव्या बाटलीत, तिच्यातला पुढच्या बाटलीत, आणि शेवटी आगरच्या थाळीवर. आज पॅराकॉकस डिनायट्रिफिकन्स म्हणून ओळखला जाणारा जिवाणू बायेरिंक आणि मिंकमन यांनी १९१० साली वर्णिला. पद्धत सुंदर आहे, पण बाटलीत जिंकतो तो त्या द्रवात सर्वांत झपाट्याने वाढणारा. तोच मातीतही बहुसंख्य असतो, असे मात्र नाही.

म्हणून १९७७ साली गॅम्बल, बेटलॅक आणि टिडजी यांनी आठ देशांतील एकोणीस माती-नमुने, तळ्यातला गाळ आणि कोंबडीखत घेऊन वेगळा मार्ग पत्करला. नायट्रेट असलेल्या आगरवर, हवेविना वाढणारे दीड हजारांहून अधिक जिवाणू त्यांनी वेचले आणि प्रत्येकाची परीक्षा घेतली. नायट्रोजन वायू सोडणारे खरे विनायट्रीकारक निघाले फक्त १४६.

विद्यार्थिदशेत हवेविना नायट्रेटवर वाढलेली प्रत्येक वसाहत मी खुशाल ‘विनायट्रीकारक’ म्हणून वहीत मांडली होती. परीक्षानळीत उपडी ठेवलेली छोटी डरहॅम नळी वापरल्यावर बहुतेकांच्या नळीत बुडबुडाच दिसेना. (नळीत साखर घालू नये, कोलायसारखे जिवाणू साखर आंबवूनही वायू सोडतात आणि आपण फसतो. सक्सिनेट किंवा सिट्रेट घालावे.) मग उरलेले करतात तरी काय? बरेचसे नायट्राइटपाशीच थांबतात, तर काही त्याचे अमोनिया करतात. शेतकऱ्याच्या हिशेबात हा फरक मोठा आहे, कारण अमोनियाच्या रूपातले नत्र बरेचसे मातीच्या कणांना धरून राहते, आणि वायू झालेले नत्र त्याच्या शेतातून गेलेलेच असते.