स्पोर्ट्‌स मोटारींची बांधणी आणि रंगकाम : झळाळीच्या आतले थर

स्पोर्ट्‌स मोटार विक्रीदालनात उभी असली की पाहणाऱ्याची नजर प्रथम तिच्या रंगावर जाते. कारखान्यातील जाणकार मात्र आधी दार आणि चौकट यांमधील फट पाहतो, मग पत्र्यावर पडलेले दिव्याचे प्रतिबिंब न्याहाळतो. फट वरपासून खालपर्यंत सारखी असेल आणि प्रतिबिंबाची रेघ कोठेही थरथरत नसेल, तर सांगाडा नीट जुळला आहे असे तो मानतो. रंग हा पत्र्याचे दोष झाकत नाही, उलट उघडे पाडतो. चकाकी जितकी अधिक, तितका खालचा उंचसखलपणा स्पष्ट दिसतो. म्हणूनच या उद्योगात बांधणी आणि रंगकाम हे दोन विषय वेगळे मानले जात नाहीत.

हातबांधणीचा काळ

पोर्शे कंपनीचा इतिहास या दृष्टीने बोलका आहे. तिची पहिली ३५६ ही मोटार १९४८ मध्ये ऑस्ट्रियातील ग्म्युंड या गावी तयार झाली. तेथे कारागीर लाकडी साच्यावर ॲल्युमिनियमचा पत्रा हातोडीने ठोकून आकार देत. या पद्धतीने सुमारे ५० मोटारीच तयार होऊ शकल्या. १९५० मध्ये उत्पादन जर्मनीतील श्टुटगार्टच्या त्सुफनहाउझेन भागात आले आणि पोलादी सांगाडे बनविण्याचे काम रॉयटर या शेजारच्या कारखान्याकडे सोपविण्यात आले.

रॉयटरमध्ये पत्र्यांचे सांधे शिशाच्या मिश्रधातूने भरून कानशीने घासले जात. प्रत्येक दार आणि झाकण त्या-त्या सांगाड्यावरच बसवून जुळविले जाई, आणि ते दुसऱ्या मोटारीत मिसळू नये म्हणून त्यावर सांगाड्याच्या क्रमांकाचे शेवटचे आकडे ठोकले जात. आज जुन्या ३५६ मोटारींचे संग्राहक हेच आकडे शोधतात. ते जुळले तर दार मूळचे, अन्यथा बदललेले. एका मोटारीचे दार दुसरीला बसत नसे, हा या आकड्यांचा दुसरा अर्थ होय. कारागिराचे कौशल्य आणि यंत्राच्या अचूकतेचा अभाव या दोन्हींची साक्ष ते एकाच वेळी देतात.

गंजाचा प्रश्न

त्या काळातील मोटारी दिसायला देखण्या असल्या तरी गंजापुढे दुबळ्या होत्या. युरोपात हिवाळ्यात बर्फ वितळविण्यासाठी रस्त्यांवर मीठ टाकतात. ते दुहेरी पत्र्यांच्या पोकळीत शिरते आणि आतून खात सुटते. बाहेरचा रंग फुगून वर येईपर्यंत आतला पत्रा बहुधा निकामी झालेला असतो.

१९७५ मध्ये पोर्शेने ९११ मोटारीसाठी दोन्ही बाजूंनी जस्ताचा लेप दिलेला पत्रा वापरण्यास प्रारंभ केला आणि गंजाविरुद्ध सहा वर्षांची हमी दिली. जस्त हे लोखंडाआधी स्वतः झिजते. त्यामुळे रंगावर ओरखडा उठून पत्रा उघडा पडला तरी लोखंड काही काळ सुरक्षित राहते. १९८० च्या दशकात ही हमी दहा वर्षांपर्यंत वाढविण्यात आली. गिऱ्हाइकाला कधीही न दिसणाऱ्या थरावर खर्च करण्याचा हा निर्णय ९११ च्या टिकाऊपणाच्या लौकिकास मोठ्या प्रमाणात कारणीभूत ठरला.

रंगाचे थर

आधुनिक कारखान्यात वेल्डिंग, रिव्हेट आणि चिकटद्रव्य यांनी जोडलेला उघडा सांगाडा पेंट शॉपमध्ये येतो. प्रथम तेलकटपणा धुऊन काढतात. मग फॉस्फेट किंवा तत्सम द्रावणाने पृष्ठभागावर सूक्ष्म स्फटिकांचा थर चढवितात, जेणेकरून पुढचा रंग घट्ट धरेल.

त्यानंतरची पायरी सर्वांत महत्त्वाची. संपूर्ण सांगाडा रंगद्रावणाच्या हौदात बुडवून त्यातून विद्युतप्रवाह सोडला जातो. रंगाचे कण विद्युतभारामुळे पत्र्याकडे ओढले जातात. ज्या भागावर थर बसला तेथे प्रवाह अडतो आणि कण उरलेल्या उघड्या भागाकडे वळतात. त्यामुळे हात किंवा फवारा पोहोचणार नाही अशा पोकळ्यांतही थर बसतो. सांगाड्याला ठिकठिकाणी ठेवलेली भोके द्रावण आत शिरण्यासाठी आणि बाहेर निथळण्यासाठीच असतात. साधारण २० मायक्रॉन जाडीचा हा थर सुमारे १६० ते १८० अंश सेल्सियस तापमानाच्या भट्टीत पक्का केला जातो. पत्र्याला धरून असलेल्या, ऋणभारित सांगाड्याच्या या पद्धतीचा मोटारउद्योगात १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून प्रसार झाला.

यानंतर सांध्यांवर सीलर भरतात, तळाला दगडगोट्यांपासून रक्षण करणारा लेप देतात आणि अस्तराचा थर चढवितात. मग मूळ रंग आणि शेवटी पारदर्शक क्लिअर कोट. मूळ रंग १५ ते २० मायक्रॉन, तर क्लिअर कोट साधारण ४० मायक्रॉन असतो. सर्व थर मिळून जाडी १०० ते १३० मायक्रॉनच्या आसपास भरते. म्हणजे माणसाच्या एक-दोन केसांइतक्या जाडीत चार-पाच वेगवेगळी कामे सामावलेली असतात.

धूळ, हवा आणि शिस्त

फवारणीकक्षात हवा छतातून गाळून खाली सोडतात आणि जमिनीतील जाळीतून ओढून घेतात, म्हणजे उडालेला रंग व धूळ मोटारीवर बसत नाही. तापमान आणि आर्द्रता ठरावीक मर्यादेत राखली जाते. कर्मचारी तंतू न सुटणारे कपडे घालतात. सिलिकॉन असलेली केशप्रसाधने आणि मलमे अशा ठिकाणी वर्ज्य असतात. सिलिकॉनचा सूक्ष्म अंश पत्र्यावर पडला तरी ओला रंग तेथून मागे सरतो आणि माशाच्या डोळ्यासारखा खळगा उरतो. सांगाड्यावरील शेवटची धूळ टिपण्यासाठी अनेक कारखान्यांत इमू पक्ष्याच्या पिसांचे फिरते रूळ वापरतात, कारण ही पिसे पत्र्याला ओरखडा न पाडता कण उचलतात.

फवारणी आता बहुतांशी यंत्रमानव करतात. त्यांच्या टोकाला असलेली घंटेच्या आकाराची वाटी मिनिटाला हजारो फेरे घेत रंगाचे अतिसूक्ष्म थेंब करते. थेंब पसरण्याआधीच सुकले तर पृष्ठभाग संत्र्याच्या सालीसारखा खडबडीत दिसतो. थर जाड झाला तर उभ्या भागावर ओघळ उतरतो. मेटॅलिक रंगात ॲल्युमिनियमचे कण कोणत्या दिशेने पडले यावर रंगाची छटा ठरते. म्हणूनच धातूचे दार आणि प्लास्टिकचा बंपर यांची छटा जुळविणे हे अवघड काम मानले जाते. प्लास्टिक पोलादाच्या भट्टीची उष्णता सोसत नसल्याने बंपर बहुधा वेगळ्या ठिकाणी, वेगळ्या तापमानात रंगविला जातो.

पोलादाखेरीज अन्य साहित्य

वजन घटविण्यासाठी स्पोर्ट्‌स मोटारींत इतर साहित्य फार पूर्वीपासून वापरले जाते. १९५३ मध्ये शेव्हरोले कॉर्व्हेटच्या पहिल्या ३०० मोटारी काचतंतूच्या सांगाड्याच्या होत्या आणि सर्व पांढऱ्या रंगाच्या होत्या. १९५७ मध्ये लोटसने एलीट या मोटारीत काचतंतूचा एकसंध सांगाडाच वापरला. काचतंतू गंजत नाही, परंतु त्यात अडकलेले हवेचे बुडबुडे भट्टीच्या उष्णतेने फुगून रंगावर टाचणीच्या टोकाएवढी छिद्रे पाडतात. अशा मोटारींत रंगापूर्वीची घासाई आणि भराई हेच निर्णायक काम ठरते.

ॲल्युमिनियम तापल्यावर पोलादाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावते. दोन्ही धातू एकत्र वापरल्यास भट्टीतून बाहेर आल्यावर फटी बदललेल्या दिसू शकतात, आणि खाऱ्या ओलाव्यात ते एकमेकांना थेट टेकले तर ॲल्युमिनियम झिजते. म्हणून त्यांच्यामध्ये चिकटद्रव्याचा किंवा लेपाचा विलग करणारा थर ठेवावा लागतो. कार्बन तंतूच्या बाबतीतही हीच दक्षता घ्यावी लागते. फेरारीने २०१८ मध्ये सुमारे १०० अंश तापमानात पक्का होणारा क्लिअर कोट स्वीकारला. त्यामुळे ऊर्जेची बचत झाली आणि ॲल्युमिनियम व कार्बन तंतूचे भाग एकत्र रंगविणे सुकर झाले.

दोष कोठे पकडावा

१९७० च्या दशकाच्या अखेरीस ब्रिटनमधील जॅग्वार कंपनीचे सांगाडे कॅसल ब्रॉमिच येथे रंगविले जात. एक्सजे सलून मोटारींची तिसरी आवृत्ती १९७९ मध्ये बाजारात आली तेव्हा नव्या रंगप्रक्रियेच्या अडचणींमुळे ती आरंभी मोजक्याच रंगांत देता आली. एक्सजेएस या स्पोर्ट्‌स मोटारीचीही विक्री दर्जाविषयीच्या तक्रारींनी खालावली होती. १९८० मध्ये प्रमुखपदी आलेले जॉन ईगन यांनी दोषांची यादी करून त्यांचे मूळ शोधले, तेव्हा बरेचसे दोष बाहेरून आलेल्या सुट्या भागांत आढळले. पुरवठादारांना जबाबदार धरल्यानंतरच जॅग्वारची प्रतिमा सावरू लागली.

पोर्शेवरही असा प्रसंग आला. १९८० च्या दशकाच्या मध्यास वर्षाला ५० हजारांच्या घरात असलेली विक्री १९९० च्या दशकाच्या आरंभी १५ हजारांच्या आसपास घसरली. मोटारी उत्तम होत्या, परंतु त्यांचा उत्तमपणा महाग पडत होता. जुळणीत राहिलेल्या चुका रांगेच्या शेवटी कसबी कारागीर निस्तरत आणि त्या कौशल्याचा कंपनीला अभिमान होता. नवे प्रमुख वेंडेलिन वीडेकिंग यांनी टोयोटा पद्धतीचे जपानी सल्लागार बोलाविले. त्यांचे म्हणणे साधे होते : चूक शेवटी दुरुस्त करणे हे कौशल्य नव्हे, ती जेथे घडते तेथेच थांबविणे हे कौशल्य. सुट्या भागांच्या उंच मांडण्यांआड कामगार एकमेकांना दिसत नसत. वीडेकिंग यांनी स्वतः करवत हाती घेऊन त्या सुमारे १.३ मीटर उंचीवर कापल्याचा प्रसंग उद्योगजगतात प्रसिद्ध आहे. याच सुधारणांतून १९९६ मध्ये बॉक्स्टर ही मोटार आली आणि कंपनी सावरली.

रंगकामातही हाच नियम लागू पडतो. क्लिअर कोटमध्ये अडकलेला धुळीचा कण बारीक पॉलिश पेपरने घासून काढता येतो. मूळ रंगाखाली राहिलेल्या कणासाठी मात्र संपूर्ण भाग पुन्हा रंगवावा लागतो, आणि पत्र्याला पडलेला पोचा रंगानंतर लक्षात आला तर आधीचे सगळे काम वाया जाते.

खरेदीदाराने काय पाहावे

वापरलेली मोटार घेताना रंगाची जाडी मोजणारे छोटे यंत्र उपयोगी पडते. पोलादी पत्र्यावर १०० ते १५० मायक्रॉनचे आकडे बहुधा कारखान्यातील रंग दर्शवितात. २०० च्या वरचे आकडे पुन्हा झालेल्या रंगकामाची, तर कित्येक शे किंवा हजाराच्या घरातील आकडे खाली भरलेल्या लांबीची शक्यता दाखवितात. पोलादासाठीचे चुंबकीय यंत्र ॲल्युमिनियमवर चालत नाही, आणि काचतंतू वा कार्बन तंतूसाठी स्वनातीत लहरींचे यंत्र लागते. दाराच्या बिजागरीचे बोल्ट खोलल्याच्या खुणा, रबरी पट्ट्यांवर उडालेला रंग आणि दोन बाजूंच्या असमान फटी यांवरूनही पुष्कळ कळते.

गोवा आणि कोकणाच्या किनाऱ्यावर युरोपच्या हिवाळ्यातील रस्त्यांवरचे मीठ नसले, तरी खारी हवा आणि चार महिन्यांचा पाऊस तेच काम करतात. अशा हवेत मोटारीच्या वरच्या भागाला वारंवार पॉलिश करण्यापेक्षा पावसाळ्यानंतर तळ गोड्या पाण्याने धुणे, दारांच्या खालच्या कडेतील निचऱ्याची भोके मोकळी ठेवणे आणि दगडाने उडालेला टवका ताबडतोब भरून घेणे अधिक हिताचे. गंजाची सुरुवात जवळजवळ नेहमी अशाच न दिसणाऱ्या जागी होते.