बंड्याचं पान

परवा पुण्याहून कोल्हापूरला परतताना गाडीत एक जादा प्रवासी होता. बंड्या. लेक-जावई महिनाभर परदेशी गेलेत, म्हणून त्यांचा हा गावठी कुत्रा आमच्याकडे मुक्कामाला. गाडी नातू चालवत होता, मी मागे, आणि बंड्याचं डोकं माझ्या मांडीवर. सत्तरी ओलांडल्यावर हे असले लाड करून घ्यायला कुणाची हरकत नसते!

साताऱ्याला मुद्दाम वाट वाकडी करून संगम माहुलीला गेलो. कृष्णा-वेण्णेच्या संगमावरचं हे गाव. इथे छत्रपती शाहू महाराजांच्या लाडक्या खंड्या कुत्र्याची समाधी आहे, दगडात कोरलेल्या कुत्र्यासकट. (हे शाहू म्हणजे संभाजीराजांचे पुत्र, १७०८ ते १७४९ साताऱ्याच्या गादीवर होते ते. कोल्हापूरचे राजर्षी नव्हेत. वर्गात ही गल्लत दरवर्षी व्हायची म्हणून सांगून ठेवते.) शिकारीत खंड्यानं महाराजांना वाघापासून वाचवलं, म्हणून त्याला जहागीर आणि पालखीचा मान मिळाला, अशी कथा आहे. ग्रँट डफनं १८२६ साली छापलेल्या मराठ्यांच्या इतिहासात एक प्रसंग दिलाय. भर दरबारात महाराजांनी कुत्र्याला जरीची वस्त्रं आणि दागिने चढवले आणि स्वतःची पगडी त्याच्या डोक्यावर ठेवली. दरबाऱ्यांना त्या कुत्र्यालाही मुजरा करावा लागला असणार. बंड्यानं मात्र समाधी हुंगली आणि तो शेतातल्या बगळ्यांकडे बघत बसला.

असो. भुका लागल्या होत्या. पुढे एका लहानशा गावात घरचंच म्हणावं असं हॉटेल दिसलं. मालक गल्ल्यावर, बायको चुलीपाशी भाकऱ्या थापतेय, म्हातारी आई लसूण सोलतेय, आणि भिंतीवर पाटी, 'फॅमिली रूमची सोय आहे'. मालक उठून दारात आला.

"आज्जी, कुत्रं आत नका आनू. बाकीची गिऱ्हाईकं कुरकुर करत्यात. भाईर लिंबाखाली टेबल टाकतो की."

नातू जरा घुश्शात आला. "आजी, तो पण फॅमिलीच आहे ना आपली?"

मला मालकाचं म्हणणं वावगं वाटलं नाही. आपल्याकडे कुत्र्याचा घास असतो, पण तो उंबऱ्याबाहेर. आमचे आजोबा रोज वैश्वदेव करायचे ते आमच्या आत्यांना आठवत असेल. आहुती झाल्या की कावळ्याचा, गाईचा आणि कुत्र्याचा भाग बाहेर ठेवायचा, आणि मगच घरातली पानं वाढायची. आमच्या वाड्याबाहेरचा काळा कुत्रा घड्याळ लावल्यासारखा त्या वेळी हजर असे. पारश्यांच्या घरीही कुत्र्यासाठी घास काढून ठेवायची चाल होती. त्यांच्या धर्मात कुत्र्याला केवढा मान! १८३२च्या जून महिन्यात मुंबईत कंपनी सरकारची माणसं बक्षिसाच्या आशेनं मोकाट कुत्री मारत सुटली, तेव्हा हाच एरवी शांत असलेला समाज रस्त्यावर उतरला. दगडफेक झाली, दुकानं बंद पडली, पलटण बोलवावी लागली. कुत्र्यांसाठी झालेला दंगा म्हणून मुंबईच्या इतिहासात त्याची नोंद आहे.

हे सगळं मी नातवाला रंगवून सांगत होते. शिक्षकीची सवय जात नाही. तेवढ्यात त्यानं सरळ विचारलं, "म्हणजे बाहेर जेवायला घालायचं ते फक्त कुत्र्यांनाच?"

आता काय सांगणार?

वैश्वदेवानंतरचा हा भाग कुणाकुणासाठी ठेवायचा ते मनुस्मृतीच्या तिसऱ्या अध्यायात सांगितलंय. कुत्रे, पतित, चांडाळ, महारोगी, कावळे आणि किडेमुंग्या. सगळे एकाच श्लोकात, आणि सगळ्यांना जमिनीवर. आजोबांना हा श्लोक पाठ असावा. आमच्या परसदारी झाडायला येणाऱ्या बाईच्या ओंजळीत भाकरी वरून टाकली जायची, आणि काळा कुत्रा मात्र ओसरीवर निजलेला असायचा, हे मी लहानपणी रोज पाहिलं. विचित्र वाटलं नाही. त्याचंच आता विचित्र वाटतं.

१९२७च्या मार्चमध्ये महाडला डॉ. आंबेडकरांनी चवदार तळ्याचं पाणी प्यायलं. तळं सर्वांना खुलं केल्याचा नगरपालिकेचा ठराव आधीच झालेला होता, कागदावर. जनावरांना त्या तळ्यावर कधीच बंदी नव्हती. पाणी पिऊन परतलेली माणसं मंडपात जेवत असताना त्यांच्यावर हल्ला झाला आणि त्यांचं अन्न मातीत मिसळलं गेलं. अन्नच का, हे मला वर्गात शिकवताना कधी सुचलं नाही. त्याच वर्षी २५ डिसेंबरला तिथेच मनुस्मृतीचं दहन झालं.

पुढे राज्यघटनेनं हॉटेलं आणि उपाहारगृहं सर्वांना खुली केली. अस्पृश्यता पाळणं गुन्हा ठरवणारा कायदा १९५५ साली आला. नागरिकशास्त्राचा हा धडा मी आठवीला दरवर्षी शिकवत होते.

आणि १९७६च्या जानेवारीत आठवीचीच सहल घेऊन निघाले होते. लाल एसटी, चाळीस मुलं, हेडमास्तर आणि मी. नोकरीचं माझं दुसरं वर्ष. तालुक्याच्या गावी एका हॉटेलात चहा-पावाला उतरलो. मालक आमच्या गावच्या ओळखीचा. मुलांवरून त्याची नजर फिरली आणि एका मुलाला तो म्हणाला, "तू भाईर बस." तो मुलगा काही न बोलता पायरीवर जाऊन बसला, जणू त्याला ठाऊकच होतं. त्याच्यासाठी भिंतीतल्या कोनाड्यातून वेगळी कान तुटकी कपबशी निघाली. पायरीवर एक कुत्रं होतं. त्यानं आपला अर्धा पाव त्याला दिला.

हेडमास्तर माझ्याकडे बघत होते, मी माझ्या कपाकडे. मी म्हणू शकत होते, की आम्ही सगळेच बाहेर बसतो. म्हणू शकत होते, की पैसे परत द्या. मी चहा प्यायले. चहा चांगला होता हेही लक्षात आहे.

तो मुलगा माझ्याकडे दहावीपर्यंत होता. सहलीच्या आदल्याच आठवड्यात त्यानं मला कलम सतरा घडाघडा म्हणून दाखवलं होतं. त्या पायरीबद्दल तो कधी बोलला नाही, मीही नाही. एकदा निरोप-समारंभाला तो माझ्या पाया पडायला वाकला, तेव्हा बोलावंसं वाटलं होतं. मागे रांग होती.

हे मी घरी कुणाला सांगितलं नव्हतं. नातवाला लिंबाखाली सांगितलं. त्यानं नाव विचारलं. नाव मला आठवतं, पण इथे लिहीत नाही, त्याची परवानगी घेतलेली नाही.

इतक्यात मालकाची आई स्वतः पत्रावळीवर दूध-भाकरी कुस्करून घेऊन आली. वाकायला त्रास होत होता तरी बंड्यापुढे नीट ठेवली आणि म्हणाली, "खा बाबा, तू लांबून आलायस." मग आमची ताटं आली. पिठलं, भाकरी, खर्डा, कांदा. नातवानं आपली खुर्ची सरकवली आणि तो ताट घेऊन खाली, बंड्याशेजारी जमिनीवर बसला. माझे गुडघे आता तसं करू देत नाहीत. आत फॅमिली रूममध्ये पंखा चालू होता आणि दोन टेबलं रिकामी होती.