मोटारीतील पेट्रोलबाष्पाची गळती : एका दोषकल्पनेचा इतिहास

पूर्णा नदीवरील येलदरी धरण १९५८ ते १९६८ या काळात उभे राहिले. त्या काळच्या फियाट, अम्बॅसडर किंवा पेट्रोलवर चालणारी जीप या गाड्यांतून पेट्रोलची वाफ सतत बाहेर पडत असे. तथापि तिला गळती समजण्याची प्रथा नव्हती. इंधन खेचले जाताना टाकीत पोकळी निर्माण होऊ नये म्हणून हवेला वाट ठेवलेली असे व कार्बुरेटरची पेटीही वातावरणास खुली असे. वाफेचे निर्गमन हा दोष नव्हता, रचनेचाच भाग होता. तेव्हा प्रस्तुत इतिहास हा केवळ यंत्राचा नसून 'दोष' या कल्पनेचाही इतिहास होय.

त्या पिढीतील मिस्त्रीला परिचित असलेला बाष्पदोष नेमका उलट स्वरूपाचा होता. परभणी जिल्ह्यात उन्हाळ्यात पारा ४० अंशांवर जातो. इंजिनालगतचा इंधनपंप तापला की नळीतच पेट्रोलची वाफ होई. द्रव ओढण्यासाठी केलेल्या पंपाला ती पुढे ढकलता येत नसे आणि गाडी थांबे. पंपावर ओले फडके ठेवून तो निववणे हा त्यावरील सर्वश्रुत उपाय. निदानाची साधने हात, कान आणि नाक एवढीच होती.

या दृष्टीत पालट झाला तो कॅलिफोर्नियात. सूर्यप्रकाशात हायड्रोकार्बने व नायट्रोजनची ऑक्साइडे यांच्या संयोगातून ओझोन व धुरके निर्माण होते, हे आरी हागेन-स्मिट यांनी १९५०च्या दशकाच्या आरंभी दाखवून दिले. परिणामी कॅलिफोर्नियात १९७० च्या व समग्र अमेरिकेत १९७१ च्या गाड्यांपासून टाकीतील वाफ सक्रिय कोळशाच्या डब्यात साठविणे आवश्यक ठरले. इंजिन चालू असता झडप उघडते, डब्यातील वाफ आत ओढली जाते व जळते. वाफेला असा बंदिस्त मार्ग मिळाला, तेव्हाच त्या मार्गातील छिद्राला 'गळती' हे नाव प्राप्त झाले.

भारतात पेट्रोल गाड्यांसाठी उत्सर्जनाच्या वस्तुमानावर मर्यादा १९९१ मध्ये आली. पुढे भारत स्टेज मानकांत बाष्पोत्सर्जनास प्रत्येक चाचणीमागे २ ग्रॅम ही मर्यादा घालण्यात आली. बंद कक्षात गाडी ठेवून हे मापन होते. १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज ६ मानके देशभर लागू झाली. दरम्यान पंप टाकीत गेला, इंधन दाबाखाली वाहू लागले आणि ओल्या फडक्याची गरज जवळजवळ संपली.

निदानाच्या बाबतीत मात्र दोन परंपरा वेगळ्या राहिल्या. अमेरिकेत १९९६ पासून गाडीतील संगणकाने सुमारे १ मिलिमीटर व २००० पासून क्रमशः अर्ध्या मिलिमीटर व्यासाच्या छिद्राइतकी गळती स्वतः ओळखावी, असा दंडक आला. युरोपीय वळणाच्या भारतीय नियमांत किमान अपेक्षा आहे ती बाष्पझडपेच्या विद्युत्-मंडलाची अखंडता तपासण्याची. म्हणजेच रबरी नळीस तडा गेला असूनही सूचक दिवा लागेलच, असे नाही.

याचे तात्पर्य महत्त्वाचे आहे. यंत्र मौन राहते तेथे जुन्या मिस्त्रीची इंद्रियेच पुन्हा प्रमाण ठरतात. टाकीच्या झाकणाचे रबर, नळ्यांचे सांधे, कोळशाचा डबा, झडप अशा क्रमाने पाहणी करावी. संशय उरल्यास अत्यल्प दाबाने धूर सोडून तो कोठून बाहेर येतो ते पाहावे. टायरच्या हवेचा दाब येथे लावल्यास टाकी फुटू शकते. भेगाळलेली नळी बदलणे हाच खरा उपाय. चिकटपट्टी टिकत नाही, आणि वाफेने भरलेल्या टाकीजवळ डाग देणे म्हणजे स्फोटास निमंत्रण. नाकाने घेतलेल्या शोधालाही मर्यादा आहे, कारण पेट्रोलच्या वाफेतील बेंझीन कर्करोगकारक आहे. येलदरीसारख्या गावी, प्रयोगशाळेपासून दूर, नियमाने अर्धवट सोडलेले हे निदान मिस्त्रीच्याच पदरी पडते. त्याची किंमतही प्रथम त्याचेच शरीर मोजते. तंत्रज्ञानाचा इतिहास केवळ मानकांच्या तारखांवरून लिहिला, तर नेमकी हीच बाब नजरेआड होते.